तीन खेळांचा खेळाडू, मग कोच: ही वाट मध्येच अडली कुठे

अमेरिकेत कॉलेजात अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल असे दोन-तीन खेळ खेळून पुढे कोच झालेल्यांची करिअर बघितली की शेवटच्या ट्रॉफ्यांचीच चर्चा होते, पण खरी सुरुवात असते ती असिस्टंट कोचच्या नोकरीपासून, आणि तिचं काय झालं हे फार कोणी सांगत नाही.

आधी कॅप्टन किंवा जुने विद्यार्थीच टीम सांभाळायचे. १८९२ ला शिकागोतल्या एका विद्यापीठाने कोचला प्राध्यापकासारखी कायमची नोकरी दिली, आणि तो माणूसही स्वतः कॉलेजात फुटबॉल नि बेसबॉल दोन्ही खेळलेला. १९६५ च्या सुमारास फुटबॉलमध्ये खेळाडू हवे तेवढे बदलायची मुभा पुन्हा मिळाली, मग एकेका जागेसाठी वेगळा खेळाडू, वेगळा असिस्टंट, आणि सगळं थोडंथोडं येणाऱ्याचा भाव उतरला.

आता १९९१. तेव्हाच एनसीएएने, म्हणजे कॉलेजांनी मिळून बनवलेल्या आणि कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने, खेळाडूंच्या सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा घातली, ते ठीकच झालं. पण त्याच सुमारास खर्च कमी करायच्या नावाखाली 'रिस्ट्रिक्टेड अर्निंग्ज कोच' नावाचा असिस्टंट कोचचा प्रकार आणला, जो १९९२ पासून लागू झाला. ज्याचा नावातच पगार बांधलेला, असा कोच! शैक्षणिक वर्षाचे १२,००० डॉलर आणि उन्हाळ्याचे ४,०००, एकूण १६,०००, बस. याआधी अशाच जागांवर काही जण ६०-७० हजार कमावत होते म्हणजे विचार करा. वर सांगितलं काय तर नवख्या पोरांना संधी मिळावी म्हणून. पण जागा नवख्यालाच द्या असं नियमात कुठेच नव्हतं, आणि अनुभवी कोचही त्यातच अडकले, म्हणजे काम तेच, घामही तेवढाच, पगार मात्र दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेला. माझ्या मते हा सरळ अन्याय होता. कॉलेजं एकमेकांशी स्पर्धा करतात ना, मग पगार सगळ्यांनी मिळून का ठरवायचा?

कोचेसनी हाच मुद्दा धरून कोर्टात केस केली. १९९५ ला कोर्टाने पगाराची मर्यादा बेकायदा ठरवली, १९९८ ला अपिलातही तेच टिकलं, त्याच वर्षी ज्युरीने २ कोटी २० लाखांच्या वर भरपाई दिली, ती कायद्याप्रमाणे तिप्पट होऊन साधारण ६ कोटी ७० लाख झाली, आणि शेवटी १९९९ ला ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

फुकट काम करणाऱ्या व्हॉलंटियर कोचचा वर्ग मात्र कित्येक खेळांत तसाच चालू राहिला, म्हणजे १६ हजारही नाहीत. नुकतं कॉलेज संपलेल्या, घरून पैसे न मिळणाऱ्या पोराने तिथून सुरुवात करायची तरी कशी? तो वर्ग बंद व्हायला जुलै २०२३ उजाडावा लागला.