घाम आणि हुडहुडी यांच्यामधली अरुंद पट्टी

छातीतून धग वर चढते, कानशिलं तापतात, कपाळ आणि मान घामानं ओली होते. अंगात ताप भरलाय असं वाटतं, पण थर्मामीटर लावला तर पारा फारसा हललेला नसतो. आणि थोड्याच वेळात तीच बाई पांघरूण शोधत असते, कारण आता तिला थंडी वाजतेय.

पाळी मागेपुढे होऊ लागण्याच्या वयात येणारा हा हॉट फ्लॅश. उष्णतेचा त्रास म्हटला की थंडाव्याचा उतारा आपसूकच सुचतो. त्यामुळे या वयाच्या बायकांना बर्फाच्या पाण्यात बसण्याचे सल्ले भरपूर मिळतात, आणि दुसऱ्या टोकाला सॉनाचेही, म्हणजे कडक तापवलेल्या खोलीत बसून घाम काढण्याचे. अडचण अशी की बिघाड शरीरातल्या उष्णतेत नाही, ती मोजणाऱ्या यंत्रणेत आहे.

ही यंत्रणा मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये असते. शरीराचं आतलं तापमान वरच्या मर्यादेपलीकडे गेलं की ती घाम सोडते, खालच्या मर्यादेखाली उतरलं की कुडकुडायला लावते. मधल्या पट्ट्यात ती दोन्ही करत नाही. अमेरिकेतल्या वेन स्टेट विद्यापीठाचे रॉबर्ट फ्रीडमन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये हा पट्टा मोजला. फ्लॅश न येणाऱ्या स्त्रियांमध्ये तो सुमारे ०.४ अंश सेल्सियस निघाला, फ्लॅश येणाऱ्यांमध्ये जवळजवळ शून्य. म्हणजे जिना चढल्यानं किंवा रजई ओढल्यानं तापमान किंचित सरकलं, तरी घामाची घंटा वाजते.

घंटा एवढी हळवी का होते? हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशींवर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा वचक असतो. या वयात ते घटून तो ढिला पडला की त्या चेकाळतात आणि न्यूरोकायनिन-बी हे रसायन वापरून तापमानाच्या केंद्राला खोटे निरोप धाडतात. अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या नाओमी रान्स यांना पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या मेंदूत या पेशी फुगलेल्या आढळल्या होत्या. त्याच धाग्यावरून पुढे फेझोलिनेटंट हे औषध आलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला मे २०२३ मध्ये मंजुरी दिली. ते हा निरोपच अडवतं, हार्मोन न देता.

आता गार पाणी. फ्लॅशच्या वेळी त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडून शरीर उष्णता बाहेर टाकत असतं. गार पाण्यानं त्या आकसतात. क्षणभर बरं वाटतं, पण घाम आणि कुडकुडणं यांच्यात जागाच उरलेली नाही, तिथे हुडहुडी भरायला वेळ लागत नाही. खोली थंड ठेवली की फ्लॅश कमी येतात, ही गोष्ट वेगळी, आणि तिला आधारही आहे.

मग थंड पाण्यात पोहणाऱ्या बायका खूश का असतात? युनिव्हर्सिटी कॉलेज लंडननं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत थंड पाण्यात पोहणाऱ्या १,११४ स्त्रियांना प्रश्न विचारले. रजोनिवृत्तीच्या टप्प्यातल्या ७८५ जणींपैकी जवळपास ४७ टक्के म्हणाल्या, चिंता कमी झाली. हॉट फ्लॅश कमी झाले म्हणणाऱ्या सुमारे ३० टक्के. म्हणजे मनावरचा परिणाम मोठा, घामावरचा लहान. शिवाय या सगळ्या आधीपासूनच पोहणाऱ्या होत्या, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि पोहण्यासोबत व्यायाम, मोकळी हवा, मैत्रिणी हेही आलंच. थंड पाण्यात नॉरअ‍ॅड्रेनालिन, म्हणजे तरतरी आणणारं शरीरातलं रसायन, वाढतं हे खरं आहे. १४ अंशांच्या पाण्यात तासभर बसवल्यावर ते ५३० टक्क्यांनी वाढल्याचा आकडा सगळीकडे फिरतो. तो प्रयोग तरुण पुरुषांवर झाला होता, हे सहसा सांगितलं जात नाही.

एक सावधगिरी मात्र हवीच. अतिथंड पाण्यात शिरताच पहिल्या अर्ध्या मिनिटात श्वास अनावर होतो, रक्तदाब उसळतो. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असेल तर हा खेळ नको, आणि एकटीनं तर कुणीच नको.

सॉनाचंही थोडंसं असंच आहे. फिनलंडमधल्या ज्या गाजलेल्या अभ्यासात आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४० टक्के कमी आढळलं, तो २,३१५ पुरुषांचा होता. स्त्रियांचा समावेश नंतर २०१८ च्या अभ्यासात झाला, आणि हृदयाच्या बाबतीत कल तसाच दिसला. पण हृदयाला फायदा म्हणजे फ्लॅशला उतारा नव्हे. बाहेरची उष्णता तर फ्लॅश ओढवूनही आणते. (आणि या वयात पाळी चुकली म्हणजे ती जातेय असं धरून चालू नये. गर्भधारणेची शक्यता असते, आणि तेव्हा कडक गरम पाण्यात बसून राहणं धोक्याचं ठरतं.)

मला सगळ्यात रोचक वाटतो तो लिव्हरपूलमधला एक छोटा प्रयोग. फ्लॅशनं बेजार झालेल्या काही स्त्रियांनी १६ आठवडे नियमित व्यायाम केला. आधी आणि नंतर त्यांना गरम पाणी खेळवलेला पोशाख घालून मुद्दाम तापवलं गेलं. व्यायामानंतर त्यांना घाम आधीपेक्षा कमी तापमानालाच सुटू लागला, म्हणजे शरीर उष्णता लवकर आणि सहज बाहेर टाकायला शिकलं होतं. आणि फ्लॅश आले तरी त्यांचा जोर ओसरला होता.