हस्त चुकला की सोलापूर चुकतं

पुण्या-मुंबईच्या माणसाला पावसाळा म्हटलं की जून आठवतो. सोलापूर जिल्ह्यातला जुना रब्बी शेतकरी जूनबद्दल फारसं बोलत नाही. मृग बरसला तर बरंच झालं, आर्द्रा कोरडी गेली तरी तो घाबरत नाही. त्याचा जीव टांगणीला लागतो तो सप्टेंबरात. उत्तरा आणि हस्त ही नक्षत्रं, म्हणजे साधारण 13 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर, हा त्याचा खरा पावसाळा. पुढं चित्रा-स्वातीनं हात दिला तर ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ ही म्हण आहेच. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला सर्वांत ओला महिना सप्टेंबर. महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या जोरदार आठवड्यात एवढं पाणी पडून जातं.

या फरकाचं कारण शाळेत शिकलेलं असतं: पर्जन्यछाया. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि ओलावा घाटमाथ्यावर टाकून मोकळे होतात. पूर्वेला उतरताना हीच हवा दाबली जाते, तापते, कोरडी होते. जून-जुलैत सोलापूरच्या आभाळात ढग दिसतात, पण ते वाऱ्यावर पळत असतात. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले साधारण दहा लाख सूक्ष्म थेंब एकत्र यावे लागतात आणि या पळत्या, उथळ ढगांना तेवढी सवडच मिळत नाही. सप्टेंबरात चित्र पालटतं. पश्चिमेचा वारा मंदावतो, जमीन तापलेली असते, बंगालच्या उपसागरावरून कमी दाबाची क्षेत्रं पश्चिमेकडे सरकतात, दुपारनंतर ढग उंच चढतात आणि विजांसह कोसळतात. सोलापूरचं नशीब अरबी समुद्रापेक्षा बंगालच्या उपसागरावर जास्त अवलंबून आहे, ही गोष्ट नकाशा बघून पटत नाही, पण खरी आहे.

आणि हा उशिराचा पाऊस साठवायला निसर्गानं कोठारही दिलंय. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली काळी माती माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीनं भरलेली असते. ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते, आणि खोल जमीन असेल तर मीटरभर थरात दीडशे ते दोनशे मिलिमीटर इतकं पाणी पिकासाठी धरून ठेवते. मंगळवेढ्याच्या सपाट काळ्या रानात ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि पुढं पाऊस पडला नाही तरी ती फेब्रुवारीत काढतात. वरून पाणी नाही, खालच्या ओलीवर पीक. चार-पाच महिने कोरड्या आभाळाखाली उभं राहून दाणे भरणाऱ्या या ज्वारीबद्दल मला कायम आदर वाटत आलाय.

पण हा सौदा एकाच हप्त्यावर ठरलेला. हस्त चुकला की ओल नाही, ओल नाही तर पेरणी नाही, आणि पुढचा पाऊस थेट आठ महिन्यांनी. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? बहमनी राज्यातल्या दुष्काळात त्यांनी बादशहाचं धान्याचं कोठार लोकांना लुटू दिलं आणि विठ्ठलानं विठू महार होऊन पैसे भरले. भक्तीचा भाग बाजूला ठेवला तरी कथेत एक गोष्ट उघड आहे. कोठार भरलेलं होतं, माणसं उपाशी होती. हवामानशास्त्राला त्यापुढचं उत्तर देता येत नाही.

1876 साली नेमकं हेच झालं. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस आलाच नाही म्हणावं इतका चुकला. सोलापूरला रेल्वे 1860 मध्येच पोचली होती, त्यामुळे धान्य येऊ शकत होतं आणि आलंही. पण ज्याचं पीक गेलं त्याची मजुरी गेली, आणि वाढलेल्या भावात विकत घ्यायला हातात काही उरलं नाही. सरकारनं व्यापारात हात घालायचा नाही असं ठरवलेलं. दुष्काळी कामांवर ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी कापली की मोठ्या माणसाला दिवसाला पौंडभर धान्य आणि वर थोडे पैसे एवढंच पडे. दगड फोडणाऱ्याला पौंडभर म्हणजे अर्धा किलोही नाही. 1877 च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानं, गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढं मांडली. दुष्काळाची आकडेवारी जमवून सरकारशी भांडण्याची ही आपल्याकडची बहुधा पहिली मोठी मोहीम असावी.

सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या 1872 च्या मोजणीत सुमारे 7 लाख 19 हजार होती. 1881 मध्ये ती सुमारे 5 लाख 82 हजार भरली. पाचातला एक माणूस कमी. सगळे मेले नाहीत, कितीतरी जण परागंदा झाले, पण आकडा वाचताना छाती दडपते. मोहोळजवळचा आष्टी तलाव त्याच दुष्काळातल्या मजुरांनी खणला. तो आजही आहे.

या संकटातून विज्ञानाचं एक दार उघडलं. भारतीय हवामान खातं 1875 मध्ये नुकतंच स्थापन झालं होतं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे सरकारनं विचारणा केली की पाऊस चुकणार हे आधी सांगता येईल का? ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातला बर्फ आणि पुढचा मान्सून यांचा संबंध शोधला आणि 1886 पासून मान्सूनचा नियमित अंदाज निघू लागला. 1904 मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर गणिती. त्यांनी जगभरच्या दाबाच्या, पावसाच्या, तापमानाच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या. पॅसिफिकवर दाब वाढला की हिंदी महासागराकडे घटतो आणि उलटही होतं, असा हेलकावा त्यांच्या हाती लागला. हेच ते ‘सदर्न ऑसिलेशन’. एल निनोशी त्याचं नातं 1969 मध्ये याकोब बियर्कनेस यांनी उलगडलं. पॅसिफिकचं मधलं आणि पूर्वेकडचं पाणी तापतं, हवा वर चढण्याची जागा तिकडे सरकते, आणि आपल्या बाजूला हवा खाली बसायला लागते. खाली बसणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत.

इथं एक सावधगिरी हवी. ‘एल निनो आला, दुष्काळ आला’ हे समीकरण बातम्यांत फार सरळ होऊन येतं. 1877-78 चा एल निनो नोंदीतल्या सर्वांत जबर घटनांपैकी होता, त्याच काळात चीन आणि ब्राझीलमध्येही भीषण दुष्काळ पडले. पण तो भरात आला 1877 मध्ये. सोलापूरचा हस्त त्याआधीच, 1876 मध्ये, चुकला होता. उलट 1997 मध्ये जबरदस्त एल निनो असूनही देशाचा मान्सून सरासरी गाठून गेला. जिल्ह्याचं भवितव्य तर देशाच्या सरासरीतही कळत नाही. बंगालच्या उपसागरात तयार होणारी दोन क्षेत्रं शंभर किलोमीटर उत्तरेनं गेली तर बार्शी भिजते आणि सांगोला कोरडं राहतं.

1896 आणि 1899 चे दुष्काळही मोठे होते, पण त्यांची कहाणी बरीचशी तीच. मला जास्त रंजक वाटते ती 1933 ची गोष्ट. त्या वर्षी सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरा, सतत कुळवणी: एकाही उपायात चमत्कार नाही. सगळ्यांचा हेतू एकच, पडलेला थेंब जिरावा आणि जिरलेला उडून जाऊ नये. कुळवानं वरचा थर भुसभुशीत केला की भेगा बुजतात आणि खालची ओल टिकते, हे शेतकऱ्याला ठाऊकच होतं, आता ते मोजलं गेलं. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेला ‘एम 35-1’ हा वाण आजही रब्बीत पेरला जातो. इतकी वर्षं टिकलेला वाण शेतीसंशोधनात विरळा.

मग 1972. आधीची दोन वर्षं कमी पावसाची, त्यात हा तिसरा फटका. ज्यांनी तो पाहिला ती माणसं खडी फोडण्याबद्दल, सुकडी या वाटल्या जाणाऱ्या पौष्टिक खाण्याबद्दल आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीबद्दल बोलतात. मे 1973 मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. हाल प्रचंड झाले, गुरं गेली, पण 1876 सारखी माणसं मेली नाहीत. पाऊस तेव्हापेक्षा दयाळू होता म्हणून नव्हे, काम आणि मजुरी पोचली म्हणून. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला या दुष्काळानं बळ मिळालं आणि 1977 मध्ये कायदा झाला. त्या कामांतून निघालेले पाझर तलाव जिल्ह्यात जागोजाग आहेत, काही गाळानं भरलेले.

या पिढीच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: ‘बहात्तरला धान्य नव्हतं, पण पाणी होतं. आता धान्य आहे, पाणी नाही.’ आठवणीत थोडी अतिशयोक्ती असते, तरी भूजलाचा इतिहास याला दुजोरा देतो. तेव्हा पाणी दोन-चार परस खोल विहिरीत होतं, मुरमाच्या झिजलेल्या थरात. तो थर दर पावसाळ्यात भरायचा. त्याच दुष्काळानंतर बोअरची यंत्रं गावोगाव आली आणि माणूस खालच्या कातळात शिरला. बेसाल्टमध्ये पाणी फक्त भेगा-फटींत असतं. खडकाच्या आकारमानाच्या दोन-तीन टक्के पाणी हाती लागलं तरी खूप. शंभर फुटांवरून दोनशे, दोनशेवरून पाचशे फूट गेलं म्हणून पाणी त्या प्रमाणात वाढत नाही. बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या भेगेतलं आपल्याकडे येतं एवढंच.

सांगोल्यानं मात्र कोरडेपणाचंच पीक केलं. डाळिंबाला फुलं येण्यासाठी पाणी तोडून झाडाला ‘ताण’ द्यावा लागतो. मग पाणी सोडलं की बहार धरतो. मृग, हस्त, आंबे असे तीन बहार, त्यातला कोणता धरायचा हे पाण्यावर ठरतं. कोरड्या हवेत तेल्या रोगही आटोक्यात राहतो. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच असावं यात नवल नाही. पण बागेला उन्हाळ्यात जगवायला पाणी लागतंच, आणि प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात ते कुठून येतं? बऱ्याचदा बोअरमधून. जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी उपसून उन्हात मांडायचं, हा व्यवहार मला कधी पटलेला नाही.

टंचाईच्या या जिल्ह्यावर आभाळ उलटूनही कोसळतं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रावर जवळजवळ तीन आठवडे गारपिटीचं सत्र चाललं, त्यात इथल्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागा झोडपल्या गेल्या. ऑक्टोबर 2020 मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा आंध्र-तेलंगणावरून थेट सोलापूरवर आला; पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून माणसं गेली आणि भीमाकाठ पाण्याखाली गेला. दिशा तीच, नक्षत्राचे दिवस जवळपास तेच, ज्यांची शेतकरी डोळ्यांत प्राण आणून वाट बघतो.

2018 आणि 2019 मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापूरच्या आभाळात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. विमानातून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडायचे. ते ओलावा ओढून मोठे थेंब बनवतात आणि इतर थेंबांना गिळत वाढतात. काही ढगांवर फवारायचं, काहींवर नाही, आणि मग तुलना. सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस सरासरी 18 टक्क्यांनी वाढल्याचं निष्पन्न झालं. प्रयोग चोख होता. पण 18 टक्के कशाचे? जो ढग मुळात बरसणार होता त्याचे. हस्तात ढगच आला नाही तर विमानानं करायचं काय?

आता उजनी. 1980 मध्ये पूर्ण झालेलं भीमेवरचं हे धरण 117 टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे 63 टीएमसी, मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी. उरलेल्या पाण्यावर शहरं, उद्योग, कालवे आणि मुख्य म्हणजे ऊस. जिल्ह्यात तिसाहून जास्त साखर कारखाने आहेत. उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी लागतं, म्हणजे इथल्या पावसाच्या जवळपास चौपट. 31 ऑक्टोबर 2023 ला सरकारनं राज्यात 40 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात जिल्ह्यातले बार्शी, सांगोला, करमाळा, माढा आणि माळशिरस होते. शेवटचे तीन ऊसपट्ट्यातले.

पुढच्या उन्हाळ्यात ‘उजनी मायनस’ हे शब्द रोज कानावर पडत होते. साठा उणे 60 टक्क्यांच्या जवळ गेला, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या पातळीच्याही बरंच खाली उतरलं. जलाशयात बुडालेलं पळसदेवचं पळसनाथ मंदिर उघडं पडलं, लोक मोटारसायकली घेऊन बघायला गेले. ऑगस्ट 2024 च्या सुरुवातीला धरण पुन्हा काठोकाठ भरलं. ते पाणी भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा यांनी आणलेलं होतं, म्हणजे घाटमाथ्यावरचं. हस्त लागायला तेव्हा अजून दोन महिने होते.