त्वक्काठिण्य व फुप्फुसदाह

त्वक्काठिण्य (स्क्लेरोडर्मा) : प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटल्यामुळे त्वचा जाड व ताठ करणारा रोग. त्याच्या सार्वदेहिक प्रकारात फुप्फुसातील वायुकोशांभोवतीच्या ऊतीचा दाह होतो व ती पुढे तंतुमय बनते. ‘स्क्लेरोडर्मी’ ही संज्ञा फ्रेंच वैद्य झिंत्राक यांनी १८४७ मध्ये योजली.

कारणांविषयी मतभेद आहेत. ब्रॅमवेल या डॉक्टरांनी १९१४ मध्ये स्कॉटलंडच्या पाथरवटांत, तर इरॅस्मस यांनी १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणकामगारांत हा रोग अधिक आढळल्याचे नोंदवले. अशा कामात दगडाच्या धुळीतील सिलिका (वाळूतील मुख्य घटक) श्वासावाटे आत जाते; फुप्फुसातील भक्षक पेशींनी (बाहेरचे कण गिळणाऱ्या पेशींनी) गिळलेले सिलिकाकण विरघळत नाहीत. त्यातून दाह पेटता राहतो, असे स्पष्टीकरण दिले जाते. परंतु हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक होतो. त्यामुळे सिलिका हे अनेकांपैकी एक कारण मानणेच अधिक ग्राह्य वाटते. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील लोहखनिज क्वार्ट्झयुक्त (क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका) खडकांच्या पट्ट्यांत सापडते. म्हणून रुग्णाने खाणीत किंवा क्रशरवर काम केले होते का, हे विचारावेच. सिलिकोसिसच्या (सिलिकेच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगाच्या) गाठी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात, त्वक्काठिण्याचा दाह तळाशी.

बोटे गारठ्याने पांढरी-निळी पडणे हे बहुधा पहिले लक्षण. गोव्यात कडाक्याची थंडी नसली, तरी बर्फातली मासळी हाताळताना किंवा एसीत ते उमटते. दोन्ही हातांच्या बोटांची जाड त्वचा बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांपलीकडे मनगटाकडे गेली असेल, तर अमेरिकी व युरोपीय संधिवात संघटनांच्या २०१३ च्या निकषांनुसार तेवढ्यावर सार्वदेहिक त्वक्काठिण्य असे वर्गीकरण होते.

दम लागत नसला तरी निदान होताच छातीचा एचआरसीटी (बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन) व नळीत फुंकून करायची श्वसनचाचणी करावी. साध्या एक्स-रेत सुरुवातीचा दाह निसटतो. तोंड पुरेसे उघडत नसल्यास नळीभोवतून हवा गळते व फुप्फुसक्षमता खोटीच कमी येते. ऑक्सिमीटरही गार बोटावर फसवतो. कपाळावरचा सेन्सर वापरावा.

उपचारात मायकोफेनोलेट हे प्रतिकारयंत्रणा दाबणारे औषध दिवसाला २–३ ग्रॅमपर्यंत हळूहळू वाढवतात. निन्टेडानिब हे तंतुमयता रोखणारे औषध १५० मिग्रॅ. दिवसातून दोनदा दिल्यास फुप्फुसक्षमतेची घसरण मंदावते, त्वचेला मात्र फायदा होत नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिवसाला १५ मिग्रॅ.च्या वर नेल्यास मूत्रपिंडाच्या अरिष्टाचा (रक्तदाब एकाएकी चढून मूत्रपिंडे निकामी होण्याचा) धोका वाढतो. म्हणून हा धोका असलेले रुग्ण घरी नियमित रक्तदाब मोजतात. तो अचानक चढला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. जठरातले आम्ल श्वासमार्गात जाऊ नये म्हणून पलंगाची उशाकडची बाजू उंच ठेवतात.