ग्रानादा पायी पाहण्याआधी: पाट, टाकी आणि उंच भिंती

दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादात चाकांची बॅग कामाची नाही. अल्बायसिन हा जुना मुस्लिम मोहल्ला उभ्या चढावर आहे. गोट्यांची फरसबंदी, मध्येच पायऱ्या, आणि काही बोळ इतके चिंचोळे की समोरून माणूस आला तर अंग चोरावे लागते. कॉर्दोबाची खिलाफत कोसळत असताना, १०१३ च्या सुमारास, झीरी घराण्याच्या बर्बर (उत्तर आफ्रिकेतल्या) सरदारांनी सपाटीवरचे एल्विरा शहर सोडून या टेकडीवर ठाण मांडले, कारण इथून बचाव सोपा होता. चढ आणि वळणे त्या निर्णयाबरोबरच आली.

टेकडीवर राहायचे तर पाणी हवे. अल्फाकार गावच्या झऱ्यातून आयनादामार नावाचा पाट काढून अल्बायसिनपर्यंत आणला गेला आणि ते पाणी जमिनीखालच्या विटांच्या टाक्यांत साठवले जाई. बरीचशी टाकी मशिदींना लागून होती. त्यांतली अनेक अजून जागेवर आहेत. कमानदार तोंड दिसले की थांबून आत डोकवावे. सर्वांत मोठे टाके म्हणजे ‘अल्हिबे देल रे’.

समोरच्या टेकडीवरचा अल्हाम्ब्रा हा किल्लेवजा राजवाडा नंतरचा. १२३८ मध्ये नस्री घराण्याचा पहिला मुहम्मद ग्रानादात आला. तेव्हा तिथे किल्ला होता, पण वाहते पाणी नव्हते. दारो नदी पायथ्याशी आणि राजवाडा उंचावर, म्हणून सुमारे ६ किलोमीटर वर, नदी जिथे राजवाड्यापेक्षा उंच आहे तिथे पाणी अडवून अगदी बेताच्या उताराने पाट आणला. आधी हेनेरालिफेच्या बागा, मग राजवाडे, सगळे गुरुत्वाकर्षणावर. बागांतले पाणी ही मुळात या पाटाची देणगी आहे. राजवाड्याच्या सिंहांच्या चौकातले १२ दगडी सिंह पाचव्या मुहम्मदाच्या काळातले, म्हणजे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातले.

१२४६ मध्ये कास्तिया या ख्रिस्ती राज्याच्या राजाला खंडणी कबूल करून नस्रींचे राज्य आणखी अडीचशे वर्षे तगले. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने शहर ख्रिस्ती राजा-राणीच्या हाती सोपवले. तहात धर्म आणि रीतिरिवाज जपण्याचे वचन होते. १४९९ पासून सक्तीची धर्मांतरे सुरू झाली. १५६७ मध्ये अरबी भाषा, पेहराव आणि हमामांवर, म्हणजे स्नानगृहांवर, बंदी आली, पुढच्या वर्षी बंड पेटले आणि त्यानंतर ग्रानादाच्या मोरिस्कोंना, म्हणजे धर्मांतरित मुस्लिमांना, हाकलले गेले. अल्बायसिन ओस पडला. शेजारशेजारची रिकामी घरे एकत्र करून, मध्ये बाग धरून, भोवती उंच भिंत घालून ‘कार्मेन’ नावाची घरे उभी राहिली. म्हणून ज्या लांबलचक पांढऱ्या भिंतींच्या कडेने आपण चालतो, त्यांतल्या पुष्कळशा मुस्लिम वस्तीच्या नव्हेत, ती वस्ती गेल्यानंतरच्या आहेत. हे ठाऊक असल्याशिवाय या मोहल्ल्यात फिरू नये असे आम्हाला वाटते.

जे जुने दिसते ते सगळे जुने नसते. रेशीमबाजार अल्कायसेरिया १८४३ च्या आगीत जळाला. आजचा आकाराने लहान आणि नंतर बांधलेला आहे. सिंहांच्या चौकातल्या एका मंडपावर १८५९ मध्ये कल्पनेने घुमट चढवला गेला होता. वास्तुविशारद लिओपोल्दो तोरेस बाल्बास यांनी तो १९३४ मध्ये उतरवला. अस्सल पाहायचे तर दारोकाठचा अकराव्या शतकातला हमाम ‘बान्युएलो’ आणि चौदाव्या शतकातली सराई ‘कोराल देल कार्बोन’. सराईत खाली माल, वर व्यापाऱ्यांचा मुक्काम. नंतर तिथे नाटके झाली, मग बिऱ्हाडांची चाळ झाली.

अल्हाम्ब्राचे तिकीट आधीच काढावे. त्यावर नाव आणि पासपोर्ट क्रमांक असतो, म्हणून मूळ पासपोर्ट जवळ हवा. नस्री राजवाड्यांची वेळ ठरलेली असते. ती चुकली की आत सोडत नाहीत. बहुतेकांचे गणित इथेच चुकते: तिकीट खिडक्या हेनेरालिफेच्या बाजूला, राजवाडे दुसऱ्या टोकाला, मधले अंतर पायी सुमारे १५ मिनिटांचे. तिकीट हातात असेल तर प्लाझा नुएव्हा या चौकातून कुएस्ता दे गोमेरेसच्या चढाने थेट न्यायद्वाराने आत जावे. मोठी सॅक मुक्कामीच ठेवावी, आत नेऊ देत नाहीत. छोटी पुढे छातीशी धरावी, कारण भिंतींवरची नक्षी जिप्समच्या गिलाव्यात आहे आणि पाठीवरच्या सॅकच्या घासण्यानेही तिचा टवका उडू शकतो.