कारवीचा बहर (येऊर)

ठाणे शहराच्या पश्चिमेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व अंगाला असलेल्या येऊरच्या डोंगरउतारांवर कारवी या झुडपाला बऱ्याच वर्षांच्या अंतराने एकाच वेळी येणारा फुलोरा. कारवी वासक (अडुळसा) कुलातील असून वनस्पतिशास्त्रज्ञ नेस यांनी १८३२ मध्ये तिला स्ट्रॉबिलँथिस कॅलोसा हे शास्त्रीय नाव दिले. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेमेकाम्प यांनी १९४४ मध्ये तिच्यासाठी कार्व्हिया हा स्वतंत्र वंश मानला. तथापि जुने नावही प्रचारात असून या नोंदीत तेच स्वीकारले आहे.

बहर किती वर्षांनी येतो याविषयी एकवाक्यता नाही. बोलण्यात ‘सात वर्षांनी फुलणारी कारवी’ असे सर्रास म्हटले जाते आणि काही लेखनातही तोच आकडा आढळतो. मुंबई-ठाणे परिसरातील मोठे बहर मात्र २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षांचे असल्याने येथे आठ वर्षांचा हिशोब अधिक विश्वसनीय वाटतो. दोन बहरांच्या मधली कोरडी वर्षे तेवढी मोजली तर ती सातच भरतात. दोन आकड्यांतील तफावत बहुधा यातूनच आली असावी. शिवाय कारवीचे एखादे बेट (झुडपांचा पुंजका) आगेमागे फुलते आणि सह्याद्रीच्या निरनिराळ्या भागांत बहराची वर्षेही वेगळी असतात, त्यामुळे एका डोंगराचा हिशोब दुसऱ्याला लावता येत नाही.

एरवी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कारवीच्या सरळ, बारीक काठ्यांची दाटी आणि समोरासमोर येणारी खरखरीत पानेच काय ती दिसतात. बहराच्या वर्षी साधारणतः ऑगस्टच्या अखेरीपासून हिरव्या छदांच्या (फुलाखालील पानासारख्या भागांच्या) कणसांतून जांभळी-निळी, घंटेच्या आकाराची फुले उमलतात. फूल हातात धरून आत पाहिल्यास घशाशी तांबूस छटा व लव दिसते. या काळात मधमाश्यांची झुंबड उडते आणि कारवीचा मध मिळतो.

फुलून गेल्यावर झुडूप वाळते, पण बोंडे लगेच उकलत नाहीत. पुढील पावसाळ्याच्या पहिल्या सरींत ती भिजून तडतड फुटतात, बी उडते आणि ओल्या जमिनीत रुजते. उतारांवरील पातळ माती धरून ठेवण्यात या दाट वाढीचा मोठा वाटा आहे.

वारली घरांच्या कुडाच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या असतात. काठ्या बांधून त्यांवर माती व शेण यांचा गिलावा देतात.