झेंडूच्या बियाण्याची उगवण चाचणी: कोणते मानक, कोणती कागदपत्रे, किती दिवस

कांदा आणि टोमॅटो या नाशिकच्या दोन्ही हुकमी पिकांच्या बियाण्याला किमान ७० टक्के उगवण हवी, असे प्रमाणीकरणाचे मानक आहे. झेंडू, ॲस्टर, झिनियाच्या बाबतीत असा आकडा शोधू लागलात तर वेळ वाया जाईल. १९६६च्या बियाणे कायद्यात 'बियाणे' या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात अन्नपिके व खाद्यतेलबिया, फळे, भाजीपाला, कापूस, वैरण आणि ताग येतात. फुलझाडे येत नाहीत. त्यामुळे झेंडूच्या पाकिटावरचा '८५ टक्के' हा कायद्याने घातलेला किमान आकडा नसतो, तो विकणाऱ्याने दिलेला शब्द असतो. तो खरा की खोटा, हे चाचणीशिवाय कळत नाही. चाचणीही कोणत्या पद्धतीने केली, यावर आकड्याचा अर्थ ठरतो.

इतर देशांतही फुलांच्या बाबतीत एकसारखे नियम नाहीत. अमेरिकेचा १९३९चा केंद्रीय बियाणे कायदा शेतीपिके आणि भाजीपाल्यापुरता आहे. फुलांचे नियम राज्ये करतात. अनेक राज्यांत उगवण ठरलेल्या आकड्याखाली गेली तर पाकिटावर तसे छापावे लागते. युरोपीय संघाच्या १९९८च्या शोभिवंत झाडांच्या निर्देशात बियाण्याची उगवणक्षमता 'समाधानकारक' असावी, एवढेच म्हटले आहे. चाचणी कशी करायची, हे मात्र दोन संस्थांच्या नियमांत सविस्तर दिलेले आहे: १९०८ची अमेरिकेतील अधिकृत बीज विश्लेषकांची संघटना आणि १९२४ची आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटना, म्हणजे इस्टा. भारतातली बीज परीक्षणाची पद्धत मुख्यतः इस्टाच्या नियमांवर बेतलेली आहे. म्हणून प्रयोगशाळेला द्यायच्या अर्जात 'इस्टा पद्धतीने उगवण चाचणी' असे स्पष्ट लिहा.

चाचणीत नेमके काय होते

आधी शुद्धता, म्हणजे कचरा व इतर बिया वगळून खरे बी किती, हे तपासतात आणि मग शुद्ध बियांतून ४०० बिया निवड न करता मोजून घेतात. त्या शंभर-शंभरच्या चार संचांत ओल्या कागदावर ठेवतात. झेंडूसाठी तापमान एकतर कायम २० अंश, नाहीतर १६ तास २० आणि ८ तास ३० अंश असे आलटून-पालटून. पहिली मोजणी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आणि शेवटची चौदाव्या दिवशी होते. झिनियाची चाचणी दहाव्या दिवशी संपते, पिटुनिया व चायना ॲस्टरची चौदाव्या आणि पॅन्सी-अँटिर्‍हिनमची एकविसाव्या. काही जातींचे बी सुप्तावस्थेत असते, म्हणजे जिवंत असूनही लगेच उगवत नाही. ती मोडायला ते ५ ते १० अंशांत काही दिवस थंड करतात किंवा कागद ०.२ टक्के पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणाने भिजवतात. हे केले असेल तर अहवालात लिहिलेले असायला हवे. थंड केलेल्या आणि न केलेल्या बियाण्याचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे चूकच.

अहवालात निकालाचे भाग पडतात: सामान्य रोपे, असामान्य रोपे, कठीण बिया (पाणीच न शोषलेल्या), ताज्या पण न उगवलेल्या बिया (पाणी शोषूनही न उगवलेल्या, पण जिवंत) आणि मेलेल्या बिया. 'उगवण टक्के' म्हणजे फक्त सामान्य रोपे. मूळ खुरटलेले किंवा बीजपत्रे (बियातून येणारी पहिली पाने) सडलेली रोपे उगवून आली तरी धरली जात नाहीत. ट्रेमध्ये डोळ्यांनी मोजून '९० टक्के आले' म्हणणारा आणि ७८चा अहवाल देणारा विश्लेषक, दोघेही प्रामाणिक असू शकतात ते यामुळे.

झेंडूचे बी तळहातावर घेऊन पाहा. काळी, सुईसारखी काडी आणि वर फिकट शेपटी. खरे तर ते आख्खे फळ आहे आणि बी त्याच्या आत असते. आत काही नाही हे उघड दिसत असेल तेव्हाच विश्लेषक ते शुद्ध बियांतून काढतो. बाहेरून भरल्यासारखे पण आतून पोकळ असेल तर ते ४००मध्ये जाते आणि उगवण खाली ओढते. म्हणून शुद्धता ९८ आणि उगवण ६५ असा अहवाल आला तर प्रयोगशाळेवर संशय घेण्याआधी चार बिया नखाने फोडून बघा.

चार संचांचे वेगवेगळे आकडे आवर्जून मागा. समजा ते ९२, ८८, ७१ आणि ८५ आहेत. सरासरी ८४ भरते आणि कागदावर चांगली दिसते. पण सरासरी ८४ असताना सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांत इस्टा १४चाच फरक चालवून घेते. इथे तो २१ आहे, म्हणजे ती चाचणी परत व्हायला हवी.

कोण नमुना देऊ शकतो आणि काय लागते

शेतकरी, रोपवाटिकाधारक, विक्रेता, कोणीही स्वतःच्या माहितीसाठी नमुना देऊ शकतो. त्याला सेवा नमुना म्हणतात. राज्य शासनाच्या बीज परीक्षण प्रयोगशाळा पुणे, परभणी आणि नागपूर इथे आहेत; नाशिककराला पुणे सोयीचे. नमुना पाठवण्यापूर्वी त्या फुलझाडाची चाचणी तिथे होते का आणि शुल्क किती, हे फोनवर विचारून घ्या. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयाची मदत होते.

सोबत साधा अर्ज पुरतो. त्यात नाव, पत्ता, पीक, जात, लॉट (बियाण्याची एक खेप) क्रमांक, पाकिटावरची चाचणीची आणि मुदतीची तारीख, बियाण्याला औषध किंवा लेप लावला आहे का आणि कोणती चाचणी हवी, एवढे लिहावे. बिलाची प्रत आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंची छायाप्रत जोडा. इस्टाच्या तक्त्यात झेंडूसाठी ४० ग्रॅमचा नमुना धरला आहे, पैकी १० ग्रॅम शुद्धतेला. संकरित बी मोजून विकले जाते, तेव्हा इतके देणे खर्चाचे. फक्त उगवणच तपासायची असेल तर किती बिया चालतील, तेही आधी विचारा. नमुना कापडी किंवा कागदी पिशवीत द्या. ओलावाही तपासायचा असेल तर वेगळा भाग हवाबंद पाकिटात.

वेळेचा हिशेब कडक आहे. दसऱ्याच्या झेंडूचे बी जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला ट्रेमध्ये पडते. चाचणीचे १४ दिवस, टपाल आणि नोंदणी धरली तर मेअखेर नमुना निघालाच पाहिजे.

एक मर्यादा नीट लक्षात घ्या. तुम्ही स्वतः काढून दिलेल्या नमुन्याचा अहवाल त्या नमुन्यापुरताच बोलतो, पूर्ण लॉटबद्दल नाही. इस्टाच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतही हाच भेद आहे: नमुना त्यांनी काढला तर नारिंगी प्रमाणपत्र, बाहेरून आला तर निळे. निर्यातदाराने खरेदीदाराला कोणते हवे हे आधी विचारावे. खरेदी मोठी असेल तर विक्रेत्यासमोर पाकीट फोडा, बियाण्याचे तीन सारखे भाग करा, सील करून त्यांवर दोघांच्या सह्या घ्या. एक भाग प्रयोगशाळेला, एक विक्रेत्याकडे, एक तुमच्याकडे.

उगवलेच नाही तर

तालुका कृषी कार्यालयाला लेखी कळवून ट्रेची पाहणी करून घ्या. उपटलेली रोपे फेकू नका. भरपाईसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा रस्ता आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात किंवा ई-जागृती पोर्टलवर ती दाखल करता येते आणि बियाण्याला मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग स्वतः नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि अहवाल ४५ दिवसांत मागवतो. सगळे बी पेरून टाकले, नमुना उरला नाही, म्हणून हातपाय गाळू नका. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन या सरकारी बियाणे कंपनीच्या २०१२च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानले आणि पेरणीसाठी घेतलेल्या बियाण्यातले काही त्याने चाचणीसाठी राखून ठेवावे ही अपेक्षा गैर ठरवली. तरीही बिल, रिकामे पाकीट आणि लॉट क्रमांकाचा फोटो पेरणीच्या दिवशीच एका फाइलीत लावून ठेवा.