गाडी सावलीत उभी केली की एसी पुन्हा चालतो, तो का?

गाडीचा एसी अधूनमधून बंद पडू लागला की निदान ठरलेलं: ‘गॅस संपला, भरून घ्या.’ पण हा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. गळती असेल तर थंडावा दिवसेंदिवस घटतो. सकाळी झकास चालणारा एसी मे महिन्याच्या दुपारी तासाभरात गरम हवा फेकतो आणि गाडी सावलीत थांबवली की पुन्हा सुरू होतो, तेव्हा गळालेला गॅस परत आलेला नसतो.

आधी हवेचा झोत पाहा. तोच मंदावला असेल तर इव्हॅपोरेटरवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या जाळीवर, बर्फ धरला असावा. आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टरही तपासा. फक्त सिग्नलला थांबल्यावर त्रास होत असेल तर कंडेन्सरचा, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा, पंखा बघा. झोत जोरात पण हवा गरम असेल, तर पहिला संशय कॉम्प्रेसरच्या क्लचवर, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाला इंजिनाशी जोडणाऱ्या-सोडणाऱ्या भागावर.

हा क्लच मला फार आवडतो. इंजिनाचा पट्टा पुली सतत फिरवतो. एसी लावला की तांब्याच्या कॉइलमधून वीज जाते, विद्युतचुंबक तयार होतो आणि समोरची पोलादी प्लेट पुलीला चिकटते. ‘टक्’ आवाज तो हाच. क्लच सुटलेला असताना दोघांतली फट साधारण अर्धा मिलिमीटर. घासून घासून ती वाढते, आणि ओढ ढोबळमानाने फटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते: फट दुप्पट, ओढ पाव. शिवाय 20 अंशांची कॉइल 100 अंशांवर गेली की तांब्याचा रोध सुमारे 31 टक्के वाढतो. प्रवाह पाऊणपट उरतो आणि ओढ, प्रवाहाच्या वर्गानुसार, 58 टक्क्यांवर येते. आधीच चिकटलेली प्लेट तरीही सुटत नाही, कारण तिथे फटच नसते. पण थंडावा पुरेसा झाल्यावर क्लच एकदा सुटला, की तापलेल्या कॉइलला ती प्लेट पुन्हा ओढता येत नाही. सावलीत कॉइल निवली की ओढ परत येते.

म्हणून एसी बिघडलेला असतानाच, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेकवर ठेवून, दुरूनच पाहा: पुली फिरतेय आणि मधली प्लेट स्थिर आहे का? असेल, तर मेकॅनिककडून कॉइलपर्यंत 12 व्होल्ट पोचतात का ते तपासून घ्या. पोचत नसतील तर ही वीज चालू-बंद करणारा रिले किंवा गॅसच्या दाबावर चालणारा प्रेशर स्विच बघायचा. पोचत असतील तर इंजिन बंद करून फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, फट मोजायची. बऱ्याच क्लचमध्ये एक पातळ शिम (चकती) काढली की ती पूर्ववत होते. काही नव्या गाड्यांत असा क्लचच नसतो, तिथे ही परीक्षा लागू नाही.

गॅसच्या नळ्या मात्र घरी उघडू नका. त्यातला आर-134ए हा गॅस उणे 26 अंशांना उकळतो, कातडी गोठवतो. आणि ‘गळती आपोआप बंद’ म्हणून रील्समध्ये खपणाऱ्या बाटल्यांनी क्लचची फट कमी होत नाही.